पाठीमागच्या तीन चादरी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे. फिजिओथेरपीच्या अंकिता मॅडमनी सांगितलं, स्टुलावर ताठ बसायचं, पाय समोर सरळ करायचा, पाच मोजायचे. मागं रेललं की मांडी काम चुकवते म्हणे. गुडघ्याच्या वर हात लावून बघायचं, घट्ट लागलं पाहिजे. रोज तीस. मी साठ करणार. १ मार्चला चादरीच्या कारखान्यात हजर. मालकांनी माझे दोन लूम, म्हणजे माग, राखून ठेवलेत. बत्तीस वर्षं राबलेला माणूस कोण सोडतो?

५ फेब्रुवारी.
ताठ बसून चार झाले. स्टूल वाकडं आहे. चंद्रव्वा म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. बायकोनं असं बोलू नये. शेवटी भिंतीला टेकलो, पाठीला चादर, आपल्याच कारखान्याची. पाय लगेच वर! तीस.

८ फेब्रुवारी.
दोन चादरी. पन्नास. मॅडमचं ज्ञान पुस्तकी. जन्मभर लूमवर वाकून उभा राहिलेला माणूस ताठ बसेल कसा? मांडीला हात लावून बघायचं राहिलं. उद्या.

११ फेब्रुवारी.
चंद्रव्वा एमआयडीसीत मालकांना भेटून आली. माझी प्रगती सांगायला गेली असणार. काय म्हणाले विचारलं, तर म्हणाली, "बरं हाय म्हणले. तुमी आदी जेवा." डोळे लाल. अक्कलकोट रोडला धूळ फार.

१४ फेब्रुवारी.
तिसरी चादर कपाटाच्या तळातून मीच ओढली. ती नको, दुसरी घ्या म्हणाली. ऐकलं नाही. सत्तर झाले! फक्त घडीतलं काहीतरी पाठीला टोचतं. तिला सांगितलं. म्हणाली, "सरळ बसा की, म्हंजे टोचणार न्हाय." माझ्या पाठीची या घरात किंमत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
तपासणी. आता सत्तर करतो असं मॅडमना आधीच सांगून बसलो. त्यांनी स्टुलावर ताठ बसवलं. पाय अर्ध्यात थरथरला आणि खाली आला. मग माझाच हात गुडघ्याच्या वर ठेवायला लावला. मांडी मऊ, कणकेसारखी. म्हणाल्या, काका, झटके पाठीनं मारलेत, पाय झोपूनच राहिला. परत पहिल्यापासून.
दहा दिवस आहेत. पुष्कळ झाले.

त्याच दिवशी, दुपारी ४.
चादरी कपाटात ठेवायला काढल्या. तिसरी उलगडली तर आतून माझी दोरा तोडायची कैची पडली. सोबत कारखान्यातलं माझं हजेरीचं कार्ड.
चंद्रव्वाला हाक मारली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "मी भेटाया गेले त्या दिवशीच दिलं मालकांनी. लूम दुसऱ्याला लावून दिलेत. तुमी रोज पन्नास, सत्तर सांगत होता. मला सांगवलं न्हाय."
रागवायचं ठरवलं होतं. रडू आलं.

संध्याकाळी ६.
स्टुलावर ताठ बसलो. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला, त्यावर मी माझा. पाय अर्धा वर गेला. एक.
विचारलं, घट्ट लागतंय का? "व्हय, लई," म्हणाली.
मला तर काहीच घट्ट लागलं नाही.