जोएलची होडी मागावरून कापू नये म्हणून

प्रति,
मा. प्रशासक,
सागरस्मृती सभागृह समिती,
वसई, जि. ठाणे.

विषय : मागावरील भित्तिचित्र सोमवारी अपूर्ण स्थितीत कापून न नेण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ६ नोव्हेंबर २००३.

महोदय,

१. वादळात गेलेल्या पाच होड्यांच्या स्मरणार्थ सभागृहात लावावयाचे लोकरी भित्तिचित्र हाताने विणण्याचे काम समितीने मला दिले. सात महिन्यांत चार होड्या विणून झाल्या. पाचवी, पाचूबंदरच्या जोएलची, उरलेल्या हातभर जागेत यावयाची आहे.

२. मंगळवारी आपले पर्यवेक्षक पाहणीस आले. 'होड्या उभ्या टांगलेल्या, किनारा उलट बाजूस, सर्वत्र दोरे लोंबत आहेत' असा अहवाल त्यांनी दिला आणि त्यावरून आपण काम रद्द केले. अहवालातील शब्द न् शब्द खरा आहे. असे चित्र आडवे धरून, मागच्या बाजूने विणतात; विणणारीलाही त्याची पाठच दिसते. सुलट बाजू पाहायची तर मागाखाली आडवे व्हावे लागते. त्यासाठी मी सतरंजी घातली. कर्तव्यावर असताना जमिनीवर झोपता येत नाही, असे ते म्हणाले. चहा मात्र घेतला.

३. उर्वरित होडी पेंटरकडून रंगवून घेऊ, असे आपण लिहिता. हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, हे नम्रपणे नमूद करते. ताणा, म्हणजे मागावर ताणलेले मूळ दोरे, एकदा कापला की तेच काम पुन्हा मागावर चढत नाही.

४. जोएलच्या आई सालोमीबाई मासळी विकून रोज दुपारी माझ्या घरी येतात आणि मागाजवळ बसतात. जोएल सापडलाच नाही. दफनभूमीत त्याच्या नावाचा क्रूस आहे, खाली कोणी नाही. काल त्यांनी विचारले, "पानी तं झालं, आता होडी कवा?" मी पंधरा दिवस म्हणाले. नोटिशीचे सांगायचा मला धीर झाला नाही.

५. सबब, पंधरा दिवसांची मुदत द्यावी. ती देता येत नसल्यास सोमवारी दार उघडे ठेवीन, आड येणार नाही. फक्त माणसे न पाठवता आपण स्वतः यावे, आणि दुपारी यावे. त्या तिथे बसलेल्या असतील. कात्री लावण्यापूर्वी कारण त्यांना आपण सांगावे.

आपली नम्र, तरीही रागावलेली,
विनिता सुमेध कर्णिक
एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)
दि. ८ नोव्हेंबर २००३