ओसरी कोणाला द्यावी याविषयी

मी सहदेव भगवंत सुतार, राहणार अमरावती, राजापेठेच्या वाटेवर, वय अंदाजे बासष्ट. दम लागतो, पण शुद्ध शाबूत आहे आणि कोणी धाक घातलेला नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते स्वहस्ते लिहितो. बुद्धी ठिकाणावर आहे, निश्चय मात्र होत नाही. खोडाखोड दिसेल ती माझीच समजावी.

कलम १. मागच्या दोन खोल्या मुलगा सूर्यभान यास. तो अकोल्यास कापसाच्या व्यापाऱ्याकडे असतो. त्याची आई सुभद्रा वारली तेव्हा हंगाम सोडून आला नाही. म्हणून आधी 'काही देऊ नये' असे लिहिले होते, ते खोडले. मुलगा तो मुलगाच.

कलम २. पुढची ओसरी. हे कलम तीनदा लिहिले, तिन्ही वेळा फाडले. कारण सांगणे भाग आहे.

तीन वर्षांमागे विलायतेत आमच्या कापसाला एकाएकी मागणी आली. एका व्यापाऱ्याने कापसाच्या गंज्या लावायला आमच्या शेजारची आळी घेतली आणि अकरा बिऱ्हाडे एका दिवसात बाहेर काढली. आम्ही महादेवाच्या देवळातल्या भजनी मंडळींनी त्यांना मंडपात घेतले. माझा मित्र गयासुद्दीन पिंजारी याने मशिदीमागची पडवी उघडवली. भाकरी देवळाची, डाळ मशिदीची, असे चार महिने चालले. बहुतेक बिऱ्हाडे कामाला लागून पांगली. गोदाबाई म्हणून एक विधवा, दोन लेकरांसह, माझ्या ओसरीत राहिली.

एके सकाळी ती म्हणाली, "बाबा, मले आता भाकर नको. सरकी काढाचा रेचा करून द्या. माह्यं पोट मी भरीन."

मी म्हणालो, "लाकूड ओलं आहे, बाई. वाळू दे."

लाकूड ओले नव्हते. अकरा महिने मी तिला हेच सांगितले. सुभद्रा गेल्यावर त्या ओसरीत कोणी मला बाबा म्हणत होते, लेकरे भुशात लोळत होती. मी परोपकार करीत होतो की आपल्यासाठी माणसे राखून ठेवीत होतो, हे मला तेव्हा कळले नाही. आजही नीट कळत नाही.

शेवटी गयासुद्दीनने रेच्यासाठी ठेवलेल्या फळीवर बोट वाजवून पाहिले. "भाऊ, हे तं कडकडीत वाळलं आहे. त्या बाईले कावून थांबवून राहिला?"

आठ दिवसांत रेचा केला. ती तो घेऊन नांदगाव खंडेश्वरास गेली, भाड्याने खोली घेतली, आता दोन बायांना कामही देते. दीड वर्ष इकडे फिरकली नाही. मला राग आला. ती आपल्या पायांवर उभी राहावी म्हणूनच तर सारा खटाटोप होता, मग राग कशाचा?

कलम ३. भजनी मंडळींचे म्होरके खुशालराव यांच्याशी माझा अबोला आहे. कीर्तनात त्यांनी त्या बिऱ्हाडांना उभे करून "हे आपले आश्रित" म्हणून लोकांना दाखवले. गोदाबाईने मान खाली घातली होती. मी त्यांच्याच शेजारी बसलो होतो आणि गप्प होतो. त्यांना क्षमा करावी की आपणच कोणाची मागावी, हे न उमगल्याने कलम अर्धे सोडतो.

कलम ४. करवत, रंधा, तासणी, पटाशा गयासुद्दीनजवळ ठेवाव्या. बेघर माणसाने काम करायला हत्यार मागितले की त्याच दिवशी द्यावे.

येथवर लिहून साक्षीसाठी गोदाबाईस बोलावणे धाडले. आज ती आली. तिच्याविषयीचा मजकूर तिला वाचून दाखवला.

ती म्हणाली, "मले ठाऊक होतं, बाबा. मी बी फळीले हात लावून पाह्यलं होतं."

"मग बोलली कावून नाहीस?"

"मले बी भेव वाटे. एकटीनं जाऊन जमलं नाही तं? तुमी लाकूड ओलं म्हणत, मले बरं वाटे. अन् कीर्तनाच्या दिवसापासून या आळीत पाय ठेवाची लाज वाटते."

मग चूक कोणाची, हे मला सांगता येत नाही. ओसरी कोणाला द्यावी, ते तिलाच विचारले.

"ज्याले घर नाही त्याले द्या. पण ओसरीले दार नाही, बाबा. वर्षभर मी कधी पुरती झोपली नाही. बाईमाणसाले आतून कडी पाहिजे."

वर्षभर मी, सुतार, तिच्यासमोर दारे करून लोकांना विकत होतो.

म्हणून कलम २ असे: ओसरी बेघर बिऱ्हाडांसाठी, देऊळ व मशीद दोहोंच्या देखरेखीखाली. सूर्यभानने हरकत घेऊ नये. राहणाऱ्याने कधी जावे, हे राहणाऱ्यानेच ठरवावे. दार मी मेल्यावर बसवायचे नाही. सही होताच माप घेतो.

साक्ष: गयासुद्दीन पिंजारी, राहणार अमरावती, सही उर्दूत.
साक्ष: गोदाबाई, राहणार नांदगाव खंडेश्वर, हातची निशाणी.

सहदेव भगवंत सुतार, सही स्वहस्ते.
अमरावती, माघ शुद्ध दशमी, शके १७८६.