बंद पाठीचे गाऊन

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितो. काल तुमच्या शुश्रूषागृहाच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. ताई, काय करून ठेवलंस हे? मजल्यावरच्या सगळ्या बायकांचे गाऊन पाठीमागून शिवून टाकलेस?

अगं, ते मागून उघडे असतात ते शिंपी विसरला म्हणून नव्हे! ज्या बाईला उठताच येत नाही, तिला कुशीवर वळवून नाड्या बांधता याव्यात म्हणून ती सोय आहे. सकाळी आया कपडे बदलायला आल्या तर एकही गाऊन उघडेना. एका आजींचा हात वर करताना खांदा दुखावला. मी फोनवर नुसता हो हो करत होतो, बोलणार काय, कपाळ?

तू चाळीस वर्षं मशीनवर बसलीस, मी बेतायला उभा राहिलो. आता आपलं शिवणाचं दुकान बंद झालं, संपलं. पुन्हा असं केलंस तर तुला घरी घेऊन जा म्हणून मॅनेजरबाईंनी सांगितलंय. आणि घराचं तुला ठाऊक आहे. न्हाणीघराची फरशी अजून उखडलेलीच आहे, प्लंबर आज येतो उद्या येतो करतोय. तुझी चाकाची खुर्ची ठेवू कुठे, माझ्या डोक्यावर? तेव्हा कृपा करून सुई खाली ठेव.

लोभ आहेच, थोडी उसंतही मिळावी ही विनंती.

तुझा,
धाकटा


ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सत्तरी उलटलेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना हसू येतं, पण ते असो.

खांदेवाल्या आजींची मी लगेच माफी मागितली. उघडायला जागा ठेवायला हवी होती, ते माझं चुकलं. पण तू कधी तसला गाऊन घालून व्हरांड्यातून चालून बघ. गार वारा लागतो आणि मागून कोण बघतंय ते कळत नाही. एक बाई इथे आहे, तिने आयुष्यभर शाळा चालवली. ती एका हातात काठी धरते, दुसऱ्या हाताने गाऊनची पाठ धरते आणि तशी जेवायला येते. मला ते बघवेना. तुला बघवलं असतं का?

मॅनेजरबाईंशी माझं बोलणं झालंय. मागे एकावर एक येणाऱ्या रुंद पट्ट्या आणि कडेला टिचबटणं. झाकेलही आणि उघडेलही. बाई आधी फणफणल्या, मग म्हणाल्या की एक करून दाखवा. पण यांनी माझी मोठी कात्री काढून घेतलीय, जशी काही मी कुणाचा गळाच कापणार होते. तेव्हा कपाटातला पांढरा तागा काढ आणि पट्ट्या तू बेतून पाठव. तुझ्याइतकी सरळ कात्री कुणाची चालत नाही, हे तुझ्या तोंडावर मी कधी म्हणणार नाही.

आणि तो प्लंबर काय देवळं बांधतोय का? मला घरी यायचंय. इथे माझ्या खोलीला आतून कडी नाही, कुणीही येतं आणि मला आजी म्हणतं. माझी खिडकी हवीय मला. दर पत्रात लिहीन, घरी ने, घरी ने. तू कंटाळशील आणि नेशील.

पट्ट्यांची आणि तुझीही वाट बघते.

तुझी,
ताई


ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घे बाई, पट्ट्या पाठवल्या. निवृत्त माणसालाही तू रजा देत नाहीस. कात्री बोथट झालीय, कडा जरा इकडेतिकडे गेल्यात, चालवून घे. प्लंबरचं विचारू नकोस, मी वैतागलोय. आणि घरी ने, घरी ने हे पालुपद एका पत्रापुरतं तरी गाळ.

रागावलेला असलो तरी तुझाच,
धाकटा


ता. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पट्ट्या मांडीवर पसरून बसलेय. अरे गाढवा, कुणाला बनवतोस? बोथट कात्री कापड चावते, दोरे ओढते. या कडा स्वच्छ कापल्यात, फक्त वाकड्या गेल्यात. म्हणजे कात्रीला धार आहे, हात हलतोय. कधीपासून? चहा कसा ओततोस? सदऱ्याची बटणं कोण लावतं? डॉक्टरकडे गेलास का, की मलाच सांगितलं नाहीस तसं त्यांनाही नाही?

मी इकडून तुझा जीव खातेय, आणि तू तिकडे एकटा थरथरत खोटे प्लंबर उभे करतोयस! राग कुणाचा करू तेच कळत नाही. मला खुर्चीतून उठवताना दोघंही पडलो असतो आणि शेजारी दार वाजवेपर्यंत तसेच पडून राहिलो असतो.

तेव्हा त्या प्लंबरला सोडून दे. मी घरी येणार नाही. हे मी म्हणतेय, तुला म्हणायला लागू नये म्हणून. पट्ट्यांच्या कडा मी दुमडून घेईन, कुणाला कळणार नाही.

तब्येतीला जप. हा आशीर्वाद नाही, हुकूम आहे.

तुझी,
ताई


ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फरशी केव्हाच बसली. डॉक्टरांकडे जाऊन आलो, गोळ्या सुरू आहेत. चहा अर्धाच कप ओततो, म्हणजे सांडत नाही. बटणांचे सदरे सोडलेत. झालं समाधान? पट्ट्या बघून ओळखलंस, आता माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला मोकळी झालीस.

तू येणार नाही असं लिहिलंस. ते वाचून सुटलो असं वाटेल, अशी माझी अटकळ होती. किती दिवस 'घरी ने' या एका वाक्याची धास्ती घेऊन होतो, आता तू पुन्हा म्हणशील, आता मला नाही म्हणावं लागेल. आणि तू स्वतःच नाही म्हणालीस, तर मी तुझ्या खिडकीशी बसून रडलो. या वयात, भरदिवसा. तू भांडत होतीस तोवर तू थोड्या दिवसांसाठी गेली आहेस असं वाटायचं. आता घर खरंच माझ्या एकट्याचं झालं, ताई. मला ते नकोय.

रविवारी भेटायला येतो. जिना उतरायला वेळ लागतो, उशीर झाला तर बाईंना फोन करायला लावू नकोस.

आणि एक कर. पुढच्या पत्रात घरी ने म्हणून लिही. मी नेणार नाही, तुलाही माहीत आहे. पण लिही.

तुझा,
धाकटा