बाहेरून कुलूप

बुधवार, संध्याकाळ. सालवड.

आज बोईसरला एका रसायनांच्या कारखान्यात वायफाय लावत होते. शेवटचा ॲक्सेस पॉइंट गोदामाच्या भिंतीवर बसवला आणि सिग्नल कुठवर पोचतो ते बघत मोबाइल घेऊन मागच्या बाजूला गेले. तिथल्या खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि दाराच्या फटीतून कुणीतरी बोललं, "दीदी, पासवर्ड बता दो ना. घर पे बात करनी है."

भास झाला असंच वाटलं. सुपरवायझरला विचारलं, तर तो हसत, अगदी सहज म्हणाला, "रातपाळीची पोरं झोपलीत, मॅडम. कुलूप नाय लावलं तर पळून जातात."

शेजारीच रसायनांची पिंपं रचलेली. आग लागली तर? बाहेरून कुलूप! आणि हा माणूस हसतो कसा?

"दार उघडा, नाहीतर इथूनच पोलिसांना फोन करते." हे मी बोलले? त्याने कुरकुरत किल्ली काढली. पाच जण डोळे चोळत बाहेर आले.

ते कुलूप मी पिशवीत टाकून घरी आणलंय. कारखानावाले दुसरं लावतीलच. उद्या कामगार कार्यालयात तक्रार करायचीच.

पण कानातून एक गोष्ट जात नाही. पासवर्ड सांगितल्यावर तो पोरगा तिथेच उकिडवा बसला, आईला फोन लावला आणि हसत म्हणाला, "अम्मा, बढ़िया कमरा मिला है."