सीतेची वेणी गज सोडत नाही

प्रिय वहिनी,

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, समोर होती तेव्हा दोन गोड शब्द निघाले नाहीत, आता कागद काऊन नासता? पण काय करू! दादाची नोकरी संपली. सोमवारी हे लाकूड-डेपोचं क्वार्टर रिकामं करून द्यायचं आणि चामोर्शीकडच्या आपल्या घरी जायचं. भांडी बांधून झाली, जातं निघालं. तुमची खिडकीतली बरणी मात्र जागची हलत नाही. हा उद्योग तुमचा, मग जाब दुसऱ्या कुणाला विचारू?

तुम्हाला तो दिवस आठवतो का? मला आठवतो, कारण त्या दिवशी मी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं. एटापल्लीकडून लाकडाच्या लॉऱ्या आल्या होत्या. ओंडक्यांना चिकटून आलेली सीतेची वेणी, ते सालीवरच वाढणारं फुलझाड, हमाल कोयत्याने खरवडून सालींच्या ढिगावर फेकत होते. त्यातलं एक झाड तुम्ही पदरात घालून आणलंत आणि माझ्या खाटेवर ठेवलंत.

"भाऊजी, हेही लाकडाखालीच सापडलं. तुमच्यासारखं. पण हे अजून जित्तं हाये."

ओंडका मांड्यांवरून गेलेल्या माणसाशी असं बोलतात का, वहिनी? याच डेपोत मी लाकडं मोजत होतो. माझ्या मापावर कुणी दुसऱ्यांदा फीत धरत नसे. आणि तुम्ही मला झाडाच्या रांगेत बसवलंत!

खाटेजवळ माती नको, मुंग्या होतात, म्हणून मीच म्हणालो की पाण्यात ठेवा. वाण्याकडून गोळ्यांची रुंद तोंडाची बरणी आणलीत आणि गळ्यापर्यंत पाणी भरलंत. झाड सडलं. दुसरं आणलंत, तेही सडलं. तेव्हा मी लक्ष घातलं. पुस्तक नव्हतं, सांगणारा कुणी नव्हता. नुसता बघत बसलो. दुसरं काय होतं बघायला?

मूळ तहानलं की चांदीसारखं पांढरं पडतं, पाणी प्यालं की हिरवं होतं. पाण्यात फक्त मुळांची टोकं हवीत, झाडाची मान कोरडीच पाहिजे. दोन-तीन दिवस पाणी, मग पाणी ओतून टाकून बरणी तशीच कोरडी ठेवायची. विहिरीच्या पाण्याचा मुळांवर पांढरा थर बसतो, त्यापेक्षा नाल्याचं गाळून घेतलेलं बरं. हे सगळं मी या खाटेवर बसून शोधलं. झाडाला मारतं ते पाणी नव्हे, पाण्यातून सुटका नसणं मारतं.

हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं, तर तुम्ही कपाळाला हात लावलात.

"एवढं समजते तुमाले, मंग अंगणात काऊन येत नाई?"

रोज तेच! तुमचं ऐकू येऊ नये म्हणून मी हातातली कानस जोरात घासायचो. डेपोच्या करवतींना धार लावायचं काम मी अंगावर घेतलं होतं. हेही कुणी शिकवलं नाही. एक दात डावीकडे, एक उजवीकडे, केसाचाही फरक नाही. माझ्या करवतीने मोठमोठी झाडं पडली असतील, आणि त्यांच्यावरच्या वेण्या इथे माझ्याच दारात आल्या असतील. या हिशेबात मी पडत नाही. हातांना काम होतं, कुणाच्या खांद्यावर बसायची पाळी नव्हती. कडेवरच्या पोरासारखा सगळ्या डेपोसमोरून मिरवत जाऊ? मी?

मग तुम्ही कावा केलात. पाणी बदलताना दर वेळी बरणी थोडी थोडी पुढे सारलीत. माझा हात पोचत होता तिथून कोनाड्यात, कोनाड्यातून खिडकीत, पार सागवानी गजाला टेकवून. मी ओरडलो, ऊन लागेल! तर म्हणे, "त्याले बाहेर पाहू द्या. त्याचे काही पाय मोडले नाईत."

तुम्हाला माहीत होतं ना, मूळ लाकूड शोधतं ते?

उन्हाळा सरता सरता फुलली ती. जांभळट ठिपक्यांची, हातभर लोंबणारी. तुम्ही तोडून माळली नाहीत. नुसती अंबाड्याला टेकवून म्हणालात, "सांगा भाऊजी, कशी दिसून राह्यली?" मी म्हणालो, झाड हलवू नका. दुसरं काही म्हणता आलं असतं.

हिवतापात तुम्ही गेलात, तेव्हा गर्दी पुढच्या दाराशी होती. माझी खिडकी मागे. मला दिसत होती ती सालींची रास आणि ती बरणी. दादा आत येऊन म्हणाला, "चौघं हायेत, खाटेसकट उचलतो तुले." मी नको म्हटलं. एका दारातून एका दिवशी दोन माणसं खांद्यावरून जाऊ नयेत, असं मला वाटलं. त्यात माझं चुकलं असं आजही वाटत नाही. पण गर्दीचा आवाज दूर दूर गेला, मग नाल्यापलीकडे ऐकू येईना, आणि मी कान देऊन बसून राहिलो. किती वेळ, ते विचारू नका.

त्यानंतर पाणी दादा बदलतो. गळ्यापर्यंत भरतो! मी काठीने खाटेचा पाय बडवतो, तेव्हा अर्धं ओततो. चांद्याचा सगळा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, वहिनी. माझी खाट होती तिथेच आहे.

आज दादा बरणी काढायला गेला. वेणीची मुळं बाहेर येऊन सागवानी गजाभोवती बोटांसारखी वळली आहेत, लाकडात रुतली आहेत. बरणीत उरली आहेत दोन. बाकी सगळं झाड गजाच्या जिवावर उभं आहे.

"कापू का मुळं?" दादाने विचारलं.

"मुळांना हात लावायचा नाही. गज काप."

"अरे, सरकारी गज हाये तो!"

"दुसरा बसवून दे. ती लहान करवत घे, कालच धार लावली आहे. वरून काप, मग खालून. झाड डाव्या हाताने धर. डाव्या!"

कुरकुरत कापला त्याने. माझी करवत लोण्यातून जावी तशी गेली. वेणी बरणीसकट, गजासकट त्याच्या हातात आली. खिडकीत एवढं मोठं भोक पडलं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सालींची रास मध्ये रेघ न येता दिसली. दादा घाम पुसत उभा राहिला आणि माझ्याकडे बघत म्हणाला,

"झाडासाठी सरकारची खिडकी तोडतं, अन् तुले न्यायले चार माणसं चालत नाईत?"

हे वाक्य दादाचं नव्हे. त्याला इतकं सुचत नाही. जाण्याआधी तुम्हीच शिकवून ठेवलंत का त्याला?

मी कानस उचलली, पण घासायला करवत उरली नव्हती. लहानीला कालच धार लावलेली, बाकी सगळ्या परत गेल्या होत्या.

तर वहिनी, वचन देतो. सोमवारी चार हमाल येतील. मी नको म्हणणार नाही. पुढच्याच दाराने जाईन, तुम्ही गेलात त्याच दाराने, वेणी मांडीवर घेऊन. सगळा डेपो बघू दे. घरी अंगणातल्या मोहाच्या झाडाला तो गज सुतळीने बांधून घेईन. आणि मला तिथेच, मोहाखाली बसवायला सांगेन. नुसता नेऊन खोलीत ठेवू देणार नाही. उचलतील तेव्हा भीती वाटेल मला. पण डोळे मिटणार नाही.

तुमचा हट्टी दीर,
वामन