विलासनं आधीच सही केली होती

रविवार, संध्याकाळ. पडेगाव.

फर्दापूरचं केंद्र बंद करायच्या कागदावर तीन महिन्यांपूर्वीच सही केली होती त्यानं. तीन महिने! आणि गेल्या महिन्यात, माझ्या निरोपाच्या दिवशी, मी फर्दापूरच्या बायकांना शब्द देऊन आले की मी निवृत्त झाले तरी आपलं आरोग्य केंद्र बंद पडणार नाही. विलास शेजारीच बसला होता, मान डोलवत.

दुपारी कौसाबाईंचा फोन आला. केंद्र सुरू झालं तेव्हा मी सगळ्यात आधी ज्यांना रक्तदाब मोजायला शिकवलं, त्या कौसाबाई. "ताई, केंद्राला कुलूप लावलं की वो! तुमाला ठाव व्हतं का?"

नाही म्हणायचीही लाज वाटली.

तशीच विलासच्या घरी गेले. केंद्र चालवणारी संस्था आम्ही दोघांनी मिळून उभी केली, एका भाड्याच्या खोलीतून. त्यानं आधी चहाचं विचारलं, मी कुलपाचं. तीन महिन्यांपूर्वीच सही केल्याचं तेव्हा कुठे त्यानं सांगितलं.

"तुला सांगितलं असतं तर तू गावाला सांगितलं असतंस," तो शांतपणे म्हणाला.

सांगितलंच असतं. म्हणजे तो मला पुरता ओळखून होता, आणि म्हणूनच मान डोलवत बसला. सव्वीस वर्षांच्या ओळखीचा हा उपयोग?

चहा न घेता उठले. रिक्षातूनच कौसाबाईंना सगळं सांगितलं, उद्या गावात येऊन बायकांना स्वतः सांगते म्हणाले.

त्या म्हणाल्या, "बाया लई चिडल्यात, ताई. एकट्या गावात शिरू नका. मी स्टँडवर येते."