ताडपत्रीचे दुकान सुनेच्या नावे

मी, खाली सही करणारी, बाजारात ताडपत्रीवाली म्हणून ओळखली जाणारी बाई, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता माझे हे इच्छापत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. खात्री डॉक्टरांनी करून घेतली आहे.

१. दुकान, त्यातला सगळा माल आणि मागची राहती खोली मी माझ्या सुनेच्या नावे करते. इतर कोणाही नातेवाइकाचा त्यावर हक्क राहणार नाही.

याचे कारण लिहून ठेवते. माझा एकुलता एक मुलगा वादळात शेजाऱ्याच्या छपरावर ताडपत्री बांधायला चढला आणि पडून गेला. स्वस्त मालाने त्याचा जीव घेतला, असे माझे धाकटे दीर चारचौघांत बोलले. ते खोटे आहे. ताडपत्री फाटली नव्हती, शिडी घसरली. त्याच आठवड्यात दीर दुकानात आले. म्हणाले, "वहिनी, किल्ली माझ्याकडे द्या. सून काय, आज आहे, उद्या माहेरी जाईल." सून गल्ल्यामागून म्हणाली, "काका, किल्ली माझ्याकडे आहे. तुम्हाला काय दाखवू, हलकी की जाड?" त्या दिवसापासून दुकान तिचेच आहे. कागद तेवढा आज होतो आहे.

२. सुनेला सूचना : स्वस्त माल जरूर विकावा, पण तो कशाला चालेल ते सांगून. गिऱ्हाईक "किती टिकेल?" म्हणाले, तर आधी "उन्हात की सावलीत?" असे विचारावे. ताडपत्री उजेडासमोर धरून दाखवावी. चाळणीसारखे ठिपके दिसले, तर ती छपरासाठी देऊ नये, सामान झाकायला द्यावी. कडेला आत दोरी शिवलेली असावी. पत्र्याची धार लागते तिथे जुने पोते घालायला आणि पाण्याला उतार ठेवायला सांगावे. ओली घडी घालू नये. हे सगळे तिला येते. माझ्या समाधानासाठी लिहिले.

३. धाकट्या दिरांच्या गच्चीवरची खोली गळते, असे कानावर आहे. त्यांना दुकानातली सर्वांत जाड ताडपत्री फुकट द्यावी. मात्र बांधायला त्यांनी स्वतः वर चढू नये. मी त्यांना माफ केलेले नाही. पण त्यांनी पडावे असेही मला वाटत नाही.

४. शिलाई मशीन आमच्याकडे कडा शिवणाऱ्या मास्तरांना द्यावे.

५. सुनेने दुसरे लग्न केले, तरी कलम १ जसेच्या तसे राहील. हे कलम वकिलांनी सुचवलेले नाही, मी घातले आहे. मोठ्या ताडपत्रीची घडी एकट्याने होत नाही. सून "राहू द्या, जमतंय मला," म्हणते, तरी मास्तर मशीन सोडून उठतात आणि दुसरे टोक धरतात. घडी झाल्यावरही दोघे टोके सोडत नाहीत. मी खुर्चीत बसून असते, आंधळी नाही. माझ्यासमोर हसायचीसुद्धा तिला चोरी वाटते. मुलगा माझा होता. त्याच्यामागे तिने जन्म काढावा, हे मला नको आहे.

म्हणून सह्या झाल्या की दोघांना आत बोलावून हा कागद मी आजच वाचून दाखवणार आहे. मास्तरांना तिला काही विचारायचे असेल, तर माझ्या मरणाची वाट पाहू नये. माझ्यादेखत विचारावे.

ठिकाण : दुकानामागची खोली
दिनांक : आज सोमवार, बाजाराची सुट्टी

सही : ताडपत्रीवाली

आमच्यासमक्ष सही केली :
१. दवाखान्याचे डॉक्टर
२. समोरचे कुलूपवाले